हाताच्या फिजिओचं सेंटर, रत्नागिरी : ५ पैकी ४ स्टार

मे महिन्यात फणस फोडताना कोयता सटकला. चीक लागू नये म्हणून हाताला खोबरेल चोपडलेलं तेच नडलं, डाव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट दोन्ही कापली. गावात सगळे म्हणाले नस तुटली, पण नस नाही, बोट वाकवणारी दोरी असते ती, टेंडन. ऑपरेशन कोल्हापूरला झालं, टाके झकास, पण चार दिवसांत तिथे एकाने विचारलं नाही की बाबा विडी ओढतोस का, मी आपला मागच्या जिन्यात जाऊन ओढतोय.

इथे मॅडमनी हात बघायच्या आधीच विचारलं, काका दिवसाला किती? मी म्हटलं चार-पाच. बाजूला ही बसलेली, म्हणाली एक बंडल. झाली ना पंचाईत.

पण ओरडल्या नाहीत हां, नीट समजावलं. निकोटीनने बोटातल्या बारीक रक्तवाहिन्या आवळतात, टेंडनला रक्त आधीच कमी, वर धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तात ऑक्सिजनची जागा अडवतो, मग जोड धरायला वेळ लागतो. आणि गोची अशी की बोट हलवलं नाही तर टेंडन आजूबाजूला चिकटून बसतो न् बोट वाकतच नाही, जोर केला तर टाका तुटायची भीती. मी विचारलं मग मिश्री चालेल? म्हणे त्यात काय साखर असते काय, निकोटीनच.

स्प्लिंट, म्हणजे हात धरून ठेवणारा प्लास्टिकचा साचा, तिथल्या तिथे गरम पाण्यात मऊ करून हातावर बसवून देतात, सहा आठवडे घालायचा, दर तासाला दुसऱ्या हाताने बोटं हळू वाकवायची. मी एकदा काढून बाईकच्या डिकीत ठेवला, उन्हात पापडासारखा वाकडा झाला, परत शेकून दिला पण पैसे नाही घेतले.

एक स्टार कापला तो जिन्यासाठी, दुसरा मजला, लिफ्ट नाही, पावसात लादी निसरडी आणि आपला एक हात बांधलेला. अपॉइंटमेंट दहाची असली तरी अकरा धरा, परतीची एसटी चुकते.

आता करंगळी तळव्याला टेकते, शेजारचं बोट अजून बोटभर लांब राहतं. विडी तीन महिने बंद होती, गणपतीत भजनाच्या रात्री दोन ओढल्या. मॅडमना सांगितलेलं नाही, इथे वाचलं तर वाचलं.