चियांग माईत भाड्याची दुचाकी: मे होंग सोन फेरीसाठी कोणती घ्यावी, काय तपासावं

उत्तर थायलंडमधली चियांग माई, मे सारियांग, मे होंग सोन, पाई ही सुमारे 600 किलोमीटरची फेरी 1,864 वळणांची म्हणून ओळखली जाते. रस्ता गुळगुळीत, वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून, आणि चियांग माईच्या जुन्या शहरात भाड्याच्या गाड्यांची दुकानं गल्लोगल्ली. सेवा एकूण चांगली आहे. घोळ होतो तो कागदपत्रांत आणि गाडी ताब्यात घेताना.

होंडा क्लिक 125 ही बिनगिअरची स्कूटर दिवसाला साधारण 200 ते 300 बाथला (बाथ हे थायलंडचं चलन) मिळते. एकट्याला पुरते. दोघं आणि बॅगा असल्या की चढावर रडते. पण खरी परीक्षा उतारावर. वेग फार कमी झाला की इंजिनाला चाकाशी आपोआप जोडणारा सेंट्रिफ्यूगल क्लच सुटतो आणि गाडी मोकळी घरंगळते. किंचित ॲक्सिलरेटर दिला की क्लच पुन्हा धरतो आणि इंजिन थोडं तरी रोखतं. मागचा ड्रम ब्रेक दाबूनच ठेवला तर तापतो आणि ऐन वळणावर लागत नाही. म्हणून वळणाआधी दोन्ही ब्रेक मिळून घट्ट मारायचे आणि सोडून द्यायचे. टाकी जेमतेम साडेपाच लिटरची, तेव्हा मोठ्या गावात ती भरल्याशिवाय पुढे निघू नये.

डबलसीट जायचं तर एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाक अडकू न देणारी सोय) असलेली होंडा सीबी 500 एक्स ही मोठी मोटरसायकल घ्या. भाडं चार-पाच पट आहे, तरी वसूल होतं. कच्च्या रस्त्यांसाठी बनवलेली होंडाची सीआरएफ 300 एल ऐटीत दिसते, पण सीट 880 मिलिमीटर उंच आणि फेरी सगळी डांबरी. या रस्त्याला तिची गरज नाही.

दुकानदार बहुतेकदा लायसन्स न बघताच किल्ली देतो. त्यावर जाऊ नका. नाक्यावर पोलीस विचारतात आणि अपघातानंतर विमा कंपनी विचारते. निघण्याआधी आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढा: फॉर्म 4ए, फी 1,000 रुपये, मुदत एक वर्ष. त्यात मोटरसायकलच्या ‘ए’ वर्गावर शिक्का आहे ना, हे तिथेच पाहा. मूळ लायसन्सही सोबत हवं. भारतातलं लायसन्स फक्त बिनगिअरचं असेल तर मोठी गाडी विसरा. थायलंडचा सक्तीचा विमा, ‘पो रो बो’, माणसांच्या इजेपुरताच असतो. गाडीची मोडतोड आणि चोरी भाडेकरूच्या खिशातून जाते. प्रवास विम्यात दुचाकीवर सीसीची मर्यादा असू शकते, ते कलम शोधून वाचा.

अनामत म्हणून पासपोर्ट देऊ नका, रोख द्या. स्कूटरला साधारण 3,000 बाथ पुरतात. पासपोर्ट अडकला की नुकसानीचा दुकानदार सांगेल तो आकडा मान्य करावा लागतो. दुकानदारासमोरच गाडीचा चहूबाजूंनी व्हिडिओ काढा: ओरखडे, आरसे, सायलेन्सर, चाकाच्या रिम. टायरची नक्षी, ब्रेकलाइट, हॉर्न आणि चेनचा ढिलेपणा तपासा. हेल्मेटचा पट्टा तुटका निघणं नेहमीचंच, बदलून मागा.

फेरी मे सारियांगकडून सुरू करावी. 108 क्रमांकाचा रस्ता रुंद आणि सौम्य, तिथे गाडीवर हात बसतो. पाईकडचा 1095 अरुंद, आणि तिथल्या मिनीव्हॅन वळणावर सर्रास समोरच्या लेनमध्ये येतात; डावी कड सोडू नका.

नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा मध्य उत्तम, मात्र पहाटे घाटात कडाका असतो, हातमोजे लागतातच. फेब्रुवारीअखेर ते एप्रिलपर्यंत शेतं आणि जंगलं पेटतात. धुरात डोळे चुरचुरतात आणि समोरचे डोंगरही दिसत नाहीत.