पियानोचा बीट: रेकॉर्डवरून सॅम्पल की स्वतः वाजवलेला?

जुन्या धाटणीच्या हिप-हॉपचा टेम्पो साधारण ८८ ते ९४ बीपीएम (मिनिटाला ठोके). ९० वर एक बार (चार ठोके) २.६७ सेकंदांचा होतो. पियानोचा तुकडा याच मापात बसवायचा.

सॅम्पलमध्ये, म्हणजे रेकॉर्डवरून उचललेल्या तुकड्यात, खोलीचा नाद, टेपची सरसर आणि वादकाचा हात आयता मिळतो. अडचण टेम्पोची. ९६ चा तुकडा वेग कमी करून ९० वर आणला की सूर सुमारे १.१ सेमीटोन (अर्ध्या सुराची पायरी) उतरतो, आणि बेस जुन्याच पट्टीत राहिला तर सगळं बेसूर लागतं. म्हणून बेस कानाने नव्याने जुळवा. सॅम्पलमधला मूळ बेस १२० ते १५० हर्ट्झच्या खाली कापा, नाहीतर किकशी (ड्रमच्या जड ठोक्याशी) भांडतो. चॉप (सॅम्पलचा कापलेला तुकडा) पियानोच्या हॅमरच्या आघातावर नेमका कापा. आधी थोडी शांतता राहिली तरी सूर उशिरा पडतो. शिवाय प्रकाशित करायचं तर परवानगी लागते.

स्वतः वाजवलात तर परवानगीचा प्रश्न नाही, पट्टीही हातात. पण प्लगिनचा (सॉफ्टवेअरमधला) पियानो फार स्वच्छ वाजतो. मायनर सेव्हन्थ कॉर्ड (चार सुरांचा मेळ) मधल्या सप्तकात वाजवा, क्वांटाइझ (सूर नेमके ठोक्यावर बसवणं) पूर्ण करू नका, मग ऑडिओ करून त्याचा दर्जा १२ बिट, २६ किलोहर्ट्झवर उतरवा. १९८७ च्या एसपी-१२०० या सॅम्पलर यंत्राचा खरखरीतपणा याच आकड्यांच्या आसपासचा. त्यानंतर तोच ऑडिओ सॅम्पलसारखा चॉप करा. ही पायरी गाळली की बीट जिंगलसारखा वाटतो.

नवशिक्यांनी दुसरी वाट धरावी, असं आमचं स्पष्ट मत. स्विंग (जोडीतला दुसरा ठोका किंचित उशिरा पाडणं; ५० टक्के म्हणजे सरळ) दोन्हीकडे ५४ ते ५८ टक्के.