हुतात्मा एक्सप्रेस : सोलापुरात घर आणि पुण्यात नोकरी असणाऱ्यांसाठी

दापोलीत राहायला जायचं की सोलापुरात, हा विषय आमच्या घरात वर्षभर चालला होता. शेवटी तो सुटला रेल्वेच्या वेळापत्रकावर. त्यामुळे हा अभिप्राय गाडीचा असला तरी दोन्ही गावांबद्दल लिहिल्याशिवाय पुरा व्हायचा नाही.

माझं माहेर दापोलीचं. मागच्या दारी सुपारीची वाडी, कर्द्याचा समुद्र जवळ, आणि पावसाळ्यात अंगणातल्या चिऱ्यांवरही शेवाळ धरतं इतकी ओल. मी पुण्यातल्या एका कंपनीत हिशेबाचं काम बघते. बरंचसं घरून चालतं, पण आठवड्यातून दोन दिवस ऑफिसात तोंड दाखवावंच लागतं. नवऱ्याचा टेक्स्टाइलचा डिप्लोमा आहे. पुण्याचं भाडं आणि रोजची रहदारी दोघांनाही नकोशी झाली, तेव्हा माझा ओढा साहजिकच माहेराकडे होता. आई तर खोली रिकामी करून बसली होती.

पण दापोलीत नवऱ्याच्या हाताला काय काम? तिथे कृषी विद्यापीठ आहे, आंबा-काजूच्या बागा आहेत, किनाऱ्यावर पर्यटकांसाठी घरगुती राहण्या-जेवणाचा धंदा आहे. ज्यांना त्यातलं येतं त्यांनी खुशाल जावं, ती चांगली कामं आहेत. यंत्रमाग, टॉवेल, शिलाई यांत हयात घालवलेल्या माणसाला मात्र तिथे नव्याने ओनामा गिरवावा लागला असता. सोलापुरात तसं नाही. चादरीचं नाव सगळ्यांना माहीत असतं, पण आजचा मोठा धंदा टेरी टॉवेलचा आणि शाळेच्या गणवेशांचा आहे. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एक चक्कर मारली की कोणत्या दारामागे कोणता माग आहे हे आवाजावरून सांगणारी माणसं भेटतात. नवऱ्याला तिथे काम मिळालं. पगार पुण्याहून कमी, पण काम त्याच्या हातातलं.

राहिला प्रश्न माझ्या दोन दिवसांचा. दापोलीला रेल्वे नाही. जवळचं स्टेशन खेड, आणि ते कोकण रेल्वेवर, म्हणजे तिथून थेट पुण्याला येण्यात काही अर्थ नाही. उरतो घाट. ताम्हिणीने या नाहीतर वरंध्याने. पावसाळ्यात वरंधा घाट बंद ठेवावा लागतो, दरडी येतात, आणि आठवड्यातून दोनदा ते पाच-सहा तास रस्त्यावर घालवायचे म्हणजे तो निसर्ग बघायला अंगात त्राण उरणार नाही. सोलापूर-पुणे अंतर रेल्वेने साधारण २६० किलोमीटर. म्हणजे दापोलीहून काही जवळ नाही. पण इथे रूळ आहेत, आणि आता दौंडपासूनचा मार्ग दुहेरी झाला आहे, विजेवरचा झाला आहे.

हुतात्मा सकाळी साडेसहाच्या सुमारास सोलापुरातून सुटते आणि चार तासांत पुण्यात पोचते. संध्याकाळी सहाच्या सुमारास तीच गाडी परत निघते. नेमक्या वेळा बदलत असतात, तिकीट काढताना बघून घ्या. आता यातली गोम सांगते. साडेदहाला पुणे स्टेशनात उतरून ऑफिसात शिरायला सव्वाअकरा होतात, आणि सहाची गाडी धरायची तर पाचला उठावं लागतं. एका दिवसात पदरात पडतात जेमतेम साडेपाच-सहा तास. कोर्टकचेरी, दवाखाना, विद्यापीठातलं काम यांना ते पुरतात, नोकरीला अपुरे पडतात. त्यावर उपाय आहे मुंबई-सोलापूर वंदे भारतचा. ती फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झाली आणि संध्याकाळी सातनंतर पुण्यातून सोलापूरकडे निघते. जाताना हुतात्मा, येताना वंदे भारत, ही जोडी मला सगळ्यांत सोयीची वाटली. वंदे भारतचं तिकीट महाग आहे, हे मान्य. पण तासभर जास्त काम होतं आणि अकराच्या आत घरी. एक दिवस वंदे भारत नसते, तेव्हा हजेरीचे दिवस आधी वेळापत्रक बघून मग साहेबांकडून मागून घ्यावेत.

पासचं आधीच सांगून ठेवते, कारण हा प्रश्न मला प्रत्येक जण विचारतो. रेल्वेचा मासिक पास साधारण दीडशे किलोमीटरच्या आतल्या प्रवासालाच मिळतो. दौंडकर पुण्याला पासावर जातात, सोलापूरकरांना ती सोय नाही. प्रत्येक वेळी तिकीट काढायचं, आणि तेही वेळेत. रविवारी संध्याकाळी पुण्याकडे निघालेल्या पोरांची गर्दी बघितली की कळतं, या शहराची किती मुलं तिकडे कामाला आहेत. माझं मत : बसून जायच्या साध्या आरक्षित डब्यातलं खिडकीचं तिकीट काढा. एसी चेअर कार उन्हाळ्यात बरी, पण तिच्या काचेतून बाहेरचं रंग उडाल्यासारखं दिसतं, आणि या मार्गावर बाहेर बघायला मिळणं हाच अर्धा फायदा आहे.

होय, सोलापूर-पुणे मार्गावर. मीही कोकणातली आहे, हिरवं कशाला म्हणतात ते मला कळतं. मोहोळपर्यंत उजाड माळ आणि बाभळी. कुर्डुवाडीला चहा. तिथून पंढरपूर आणि लातूरचे फाटे फुटतात, त्यामुळे फलाटावर वारकऱ्यापासून कॉलेजकुमारापर्यंत सगळे दिसतात. मग केम येतं, कुंकवाचं गाव. देशभर जाणारं कुंकू तिथे तयार होतं. जेऊरच्या पुढे ऊस आणि केळी दाट होत जातात, आणि भिगवणच्या अलीकडे अचानक दोन्ही बाजूंना पाणी. उजनी धरणाचा फुगवटा. गाडी पुलावर आली की चाकांचा आवाज पोकळ होतो. बाजूला ब्रिटिशांच्या वेळचा डिकसळचा जुना दगडी पूल. पाण्यात बुडालेल्या झाडांचे वाळके शेंडे वर आलेले, त्यांच्यावर पाणकावळे पंख पसरून बसलेले, आणि खाली लांबोळक्या होडीत उभा राहून जाळं ओढणारा माणूस. हिवाळ्यात उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांची फिकट गुलाबी रांग दिसते. डब्यातले निम्मे लोक तेव्हा झोपलेले असतात. मला त्यांना हलवून उठवावंसं वाटतं. ज्या गावात निसर्ग नाही म्हणून आई नाराज होती, तिथून कामाला जाताना मला हे बघायला मिळतं. येताना मात्र अंधार असतो, तेव्हा जे काही आहे ते सकाळीच.

गाडीचं नाव कुणी सहज ठेवलेलं नाही. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या सोलापूरच्या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी पुण्यात येरवड्याच्या तुरुंगात फाशी झाली. त्याआधीच्या मे महिन्यात या शहरात इंग्रजांनी लष्करी कायदा लावला होता. सोलापूर ते पुणे धावणाऱ्या गाडीला याहून योग्य नाव सापडलं नसतं. शेजारी बसलेल्या कॉलेजच्या मुलीला मी एकदा हे सांगितलं. तिने चौघांची नावं मोबाइलमध्ये लिहून घेतली.

आता गावाबद्दल. सोलापूरला यायच्या आधी दोन गोष्टींची तयारी हवी : पाणी आणि ऊन. नळाला रोज पाणी येत नाही. घर बघताना खोल्या मोजण्याआधी टाकी केवढी आणि बोअर आहे का हे विचारा. आमच्या शेजारी एक पद्मशाली आजी राहतात. घरात तेलुगू, माझ्याशी मराठी, भाजीवाल्याशी कन्नड. आयुष्यभर विड्या वळल्या, अजूनही सूप मांडीवर घेऊन बसतात. पाण्याचा दिवस आणि माझा पुण्याचा दिवस एकच आला की त्या म्हणतात, ‘तू गाडी धर गं, मी मोटर लावते.’ आमची टाकी त्यांच्या भरवशावर भरते. उन्हाचं म्हणाल तर एप्रिल-मेमध्ये पारा ४२च्या वर जातो आणि दुपारी रस्ते ओस पडतात. घरून काम करणाऱ्याला कूलरशिवाय गत्यंतर नाही. भाडं मात्र आम्ही पुण्यात देत होतो त्याच्या निम्म्याहून कमी आहे, आणि नवरा जेवायला घरी येतो.

डोळ्यांना लागणारं हिरवं इथे शोधावं लागतं, पण मिळतं. पाऊस झाला की नान्नजच्या माळरानावर जा. अभयारण्य माळढोक पक्ष्यासाठी केलेलं. माळढोक आता दिसणं अवघड, पण काळवीट दिसतात, आणि ओलं गवत वाऱ्याने एका बाजूला कललं की मला भाताच्या खाचरांची आठवण येते. सिद्धेश्वराच्या तलावाकाठी संध्याकाळी बसता येतं, आणि संक्रांतीच्या यात्रेत नंदीध्वज निघतात तेव्हा अख्खं शहर रस्त्यावर असतं. हे दापोलीच्या बदल्यात पुरेसं आहे का? मला पुरतं. आईला अजून पटलेलं नाही.

ज्यांना आठवड्याचे पाचही दिवस पुण्यात जायचंय त्यांनी या गाडीच्या जिवावर सोलापुरात घर करू नये. रोजचे आठ तास डब्यात जातील, शरीर साथ देणार नाही. दोन दिवस जाणाऱ्यांना, महिन्यातून चार-पाचदा काम पडणाऱ्यांना, किंवा जोडीदाराची नोकरी सोलापुरात आणि स्वतःची पुण्यात असणाऱ्यांना माझी बिनदिक्कत शिफारस आहे. जिथे दोघांपैकी एकालाच काम मिळतं, अशा सुंदर गावात वर्षभरात भांडणं सुरू होतात. माझ्याच माहेरच्या आळीत मी ती बघितली आहेत.

गाडीला पाचपैकी चार. एक कापला तो संध्याकाळच्या सहाच्या वेळेसाठी. ती सात झाली तर पाचही देईन. डब्यासोबत शेंगाचटणी आणि कडक भाकरी घ्या, चार तासांत खराब होत नाही आणि शेजाऱ्यालाही देता येते. आणि घर बघायला यायचं असेल तर मे महिन्यात या, चार दिवस राहा. डिसेंबरात बघून ठरवू नका.