पहिलं जेट मॉडेल: टर्बाइन घ्यावं की ईडीएफ?

प्रोपेलरच्या रिमोट कंट्रोल विमानांवर हात बसला, रिट्रॅक्ट (आत घेता येणारी चाकं) आणि फ्लॅप (पंखांमागच्या खाली वळणाऱ्या पट्ट्या) असलेलं वेगवान मॉडेल दर वेळी नीट उतरवता यायला लागलं, की जेटचे वेध लागतात. मग दोन वाटा दिसतात: रॉकेलवर चालणारं खरं टर्बाइन, किंवा नळीत बसवलेला विजेवरचा पंखा, म्हणजे ईडीएफ. बहुतेक जण आवाज आणि थ्रस्ट (पुढे ढकलणारा जोर) पाहून ठरवतात. आमच्या मते ठरवताना इंधनाच्या नळ्या, बॅटऱ्या आणि उतरतानाचा थ्रॉटल या तीन गोष्टी पाहाव्यात, कारण मॉडेलं सहसा यांतल्याच कशात तरी गमावली जातात.

तुलना बरोबरीच्या दोघांत करू. 100 न्यूटनचं टर्बाइन म्हणजे साधारण 10 किलोचा थ्रस्ट. 12 सेलच्या लायपोवर (लिथियम-पॉलिमर बॅटरीवर) चालणारा 120 मिमीचा चांगला फॅन 8 ते 10 किलोपर्यंत जातो. कागदावर फरक थोडाच आहे.

हवेत किती वेळ

5000 एमएएचच्या 12 सेल पॅकमध्ये 18,000 अँपिअर-सेकंद असतात. तळाचे 20 टक्के राखून ठेवले तर हाती उरतात 14,400. थ्रॉटल जपून वापरून सरासरी 60 अँपिअरवर उडवलंत तरी चार मिनिटं मिळतात, त्यातच टेकऑफ आणि लँडिंग. पहिलं लँडिंग चुकलं तर दुसऱ्या फेरीपुरतीच बॅटरी उरते, तिसरी फेरी धरून चालू नका.

100 न्यूटनचं टर्बाइन फुल थ्रॉटलला मिनिटाला साधारण 300 ते 350 मिली पितं, सर्वसाधारण उड्डाणात सरासरी 220 च्या आसपास. अडीच लिटरच्या टाकीत आठ मिनिटं उडून 700 मिली शिल्लक राहतं. नवख्या हाताला ही शिल्लक फार मोलाची आहे. मात्र अडीच लिटर रॉकेल दोन किलो भरतं आणि ते उडता उडता संपतं. म्हणून टर्बाइन मॉडेलचा सीजी (गुरुत्वमध्य) मुख्य टाकी रिकामी आणि हॉपर टाकी (मुख्य टाकी आणि पंप यांच्यामधली छोटी टाकी) भरलेली ठेवून काढायचा, आणि मुख्य टाकी शक्यतो सीजीवरच बसवायची. ईडीएफमध्ये वजन पूर्ण उड्डाणभर तेच राहतं, ट्रिम बदलत नाही.

ईडीएफ: बॅटरी आणि नळी

ईडीएफमध्ये खरं इंजिन बॅटरी असते. पॅक जुना होत गेला की अंतर्गत रोध वाढतो, भाराखाली व्होल्टेज बसतं आणि मागच्या मोसमात ज्या धावपट्टीवरून मॉडेल सहज उठत होतं तिथे ते शेवटपर्यंत धावत राहतं. 12 सेलसाठी दोन 6 सेलचे पॅक सिरीजमध्ये जोडता, तेव्हा दोन्ही एकाच वयाचे, एकत्रच वापरलेले हवेत. नाहीतर कमकुवत पॅक आधी तळ गाठतो आणि फुगतो. उडवायचं नसेल तेव्हा पॅक प्रति सेल 3.8 व्होल्टवर ठेवा.

बॅटरी नाकात आणि ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा नियंत्रक) शेपटीकडे गेला की तारा लांबतात. बॅटरीकडची तार लांबवली की व्होल्टेजचे झटके वाढतात आणि ईएससीचे कपॅसिटर तापून फुटतात. लांबी मोटरच्या बाजूला घ्या. ते जमत नसेल तर ईएससीलगत जादा कपॅसिटर जोडा.

स्वतः बांधणाऱ्यांनी नळीचं गणित आधी करावं. 90 मिमीच्या फॅनचा मधला बोंडा 40 मिमीचा असेल तर पात्यांचं क्षेत्रफळ येतं 51 चौरस सेमी. मागचं तोंड त्याच्या 90 टक्के धरलं तर 46 चौरस सेमी, म्हणजे 76 मिमी व्यास. तोंड याहून अरुंद केलं तर वेग थोडा वाढतो, पण टेकऑफचा थ्रस्ट घटतो आणि करंट चढतो. नळीच्या सांध्यात आत आलेली कड किंवा लोंबती सर्व्होची तार तेवढाच थ्रस्ट खाते, वर पाती कर्कश आवाज करायला लागतात. हा आवाज नव्याने सुरू झाला तर उडवू नका. रोटरला तडा गेलाय का आणि बॅलन्स बिघडलाय का, हे आधी पाहा.

टर्बाइन: नळ्यांचा कारभार

आजची टर्बाइनं स्वतःच सुरू होतात: स्टार्टर फिरतो, इग्नायटर तापतो, थोडं रॉकेल पेटतं, ईसीयू (इंजिनाचा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक) हळूहळू पंप वाढवतो आणि मिनिटभराच्या आत इंजिन आयडलला, म्हणजे सर्वांत कमी चालत्या वेगाला येतं. इंजिनात फिरणारा भाग एकच. तो मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो. हवेत इंजिन बंद पडतं तेव्हा बहुतेकदा दोष इंजिनाचा नसतो, इंधनासोबत आलेल्या हवेचा असतो.

टाकीपासून पंपापर्यंतची बाजू ओढीची. इथे जोड सैल असेल तर थेंबही गळत नाही, उलट हवा आत ओढली जाते, म्हणून ही गळती डोळ्यांना दिसत नाही. पंपापासून इंजिनापर्यंत दाब असतो, तिथली गळती ओली दिसते. ओढीच्या बाजूला पारदर्शक नळी वापरा, टोकं धारदार पात्याने काटकोनात कापा (कात्रीने नळी चेपते आणि जोडात नीट बसत नाही) आणि जमिनीवर फुल थ्रॉटल देऊन अर्धा मिनिट त्या नळीकडे बघत राहा. बुडबुड्यांची रांग दिसली तर त्या दिवशी उड्डाण नाही. हॉपर टाकी एखादा बुडबुडा पकडण्यासाठी असते, गळती झाकण्यासाठी नाही. उतरल्यावर ती भरलेलीच दिसली पाहिजे.

बेअरिंगना वंगण मिळतं ते इंधनातून. 20 लिटरमध्ये एक लिटर टर्बाइन ऑइल हे रूढ प्रमाण. तुमच्या इंजिनाच्या पुस्तिकेत वेगळं असेल तर तेच पाळा. कॅनवर मिश्रणाची खूण करा, कारण तेल घातलंय की नाही हे नुसत्या नजरेने सांगता येत नाही. हे तेल विषारी असतं, हातमोजे घाला.

स्टार्ट करताना नाक वाऱ्याकडे. इग्नायटर कमजोर असेल तर न पेटलेलं रॉकेल आत साचतं आणि मग एकदम पेट घेतं, टेलपाइपमधून (इंजिनामागच्या गरम वायूच्या नळीतून) लांब ज्वाळा येते. स्टार्टर फिरू द्या आणि कार्बन डायऑक्साइडचं नळकांडं पुढून, इनटेकमधून मारा. पावडरचं अग्निशामक वापरलंत तर आग विझेल, पण इंजिनही हातचं जाईल. पुन्हा सुरू करण्याआधी नाक वर करून साचलेलं इंधन मागून निथळू द्या.

टेलपाइप पुढे पक्की करा आणि मागे सरकायला मोकळी ठेवा. 60 सेमीची स्टीलची पाइप 400 अंशांनी तापली की 4 मिमी लांबते; दोन्हीकडे आवळलीत तर वाकेल किंवा फॉर्मर (सांगाड्यातली आडवी फळी) फोडेल.

देखभालीत सगळ्यात उपयोगाचा आकडा ईसीयू स्वतःच दाखवतो: फुल थ्रॉटलला पंपाचं व्होल्टेज. तेवढ्याच फेऱ्यांसाठी ते हळूहळू चढत असेल तर आधी फिल्टर पाहा, मग पंप, मग बेअरिंग. अनेक उत्पादक 25 तासांनंतर सर्व्हिस सांगतात. टॅक्सी धरून एका उड्डाणाला दहा मिनिटं मोजली तर 150 उड्डाणं. त्या काळात इंजिन काही आठवडे घरी नसेल, हे गृहीत धरा.

उतरताना

इथे दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ईडीएफला थ्रॉटल दिला की सेकंदाच्या आत थ्रस्ट येतो. टर्बाइनला आयडलवरून पूर्ण ताकदीला यायला तीन ते पाच सेकंद लागतात, आणि आयडललाही ते मॉडेल थोडं ढकलत राहतं. त्यामुळे नवखा माणूस लांब जातो, मग घाबरून थ्रॉटल पूर्ण काढतो, मॉडेल खाली बसतं आणि आता दिलेला थ्रॉटल वेळेवर पोचत नाही. उपाय एकच: पूर्ण फ्लॅप, हवेचा अडथळा भरपूर आणि थ्रॉटल आयडलच्या वर, टेकेपर्यंत. ही सवय ईडीएफवर मुद्दाम लावून घेता येते. फेल-सेफ मात्र दोन्हीकडे आधी तपासा: ट्रान्समीटर बंद केला की टर्बाइन विझलं पाहिजे, फॅन थांबला पाहिजे.

मग घ्यावं काय

मैदान लहान असेल, आजूबाजूला वाळलेलं गवत असेल, सोबत टर्बाइन जाणणारं कुणी नसेल, तर निःशंक ईडीएफ, 90 मिमीपासून पुढे. पक्की, लांब धावपट्टी आहे, क्लबची किंवा संघटनेची टर्बाइनसाठीची परवानगी मिळते आहे आणि उड्डाणाइतकाच वेळ तपासणीला द्यायची मनापासून आवड आहे, तर टर्बाइन घ्या, पण 100 न्यूटनच्या आसपासचं, सरळ पंखांच्या ट्रेनर मॉडेलमध्ये. फोमच्या मॉडेलमध्ये बसणारी छोटी टर्बाइनं पाहून मोह होतो. त्यांच्याभोवती जागा कमी, उष्णता जवळ आणि इंधनाची टाकी लहान. पहिल्या टर्बाइनसाठी ती आम्ही सुचवणार नाही.

निर्णय होत नसेल तर 120 मिमीचा फॅन आणि 80 ते 100 न्यूटनचं टर्बाइन दोन्ही घेणारा सांगाडा मिळतो. तो आधी ईडीएफने उडवा, पण बांधतानाच आतलं सगळं लाकूड पातळ इपॉक्सीने सील करा. रॉकेल मुरलेल्या प्लायवर नंतर कुठलाच गोंद धरत नाही.