क्यूएचडी २४०, ४के १४४ की ४के २४०? आधी कार्डाच्या मागचं पोर्ट बघा

डेस्कटॉपसाठी वेगवान आणि बारीक पिक्सेलांचा मॉनिटर घ्यायचा म्हटलं की निवड साधारण तीन पर्यायांवर येऊन थांबते: २७ इंची २५६०×१४४० (म्हणजे क्यूएचडी) आणि २४० हर्ट्झ (पडदा सेकंदाला २४० वेळा ताजा होतो), २७ किंवा ३२ इंची ४के (३८४०×२१६०) आणि १४४ ते १६० हर्ट्झ, आणि ४के २४० हर्ट्झचं ओलेड (प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळणारं पॅनेल). दुकानात चर्चा पॅनेलची होते, पण घरी आल्यावर घोडं अडतं ते बहुतेक वेळा पोर्ट, केबल किंवा एखाद्या सेटिंगवर. म्हणून सुरुवात तिथूनच.

प्रत्येक मोडला दर सेकंदाला किती गिगाबिट लागतात ते खाली दिलं आहे. आकडे कॉम्प्रेशनशिवायचे, आरजीबी रंगाचे आणि आखूड ब्लँकिंगचे (दोन फ्रेमांमधल्या रिकाम्या वेळेचे) आहेत. एचडीआरसाठी (उजेड-अंधाराचा जास्त पल्ला दाखवणाऱ्या चित्रासाठी) १० बिटचा, म्हणजे प्रत्येक मूळ रंगाला १० बिटचा, रकाना बघा.

| मोड | ८ बिट | १० बिट |
|---|---|---|
| क्यूएचडी १४४ | १४.१ | १७.६ |
| क्यूएचडी २४० | २४.६ | ३०.८ |
| ४के ६० | १२.५ | १५.७ |
| ४के १२० | २५.८ | ३२.३ |
| ४के १४४ | ३१.४ | ३९.२ |
| ४के २४० | ५४.८ | ६८.६ |

आता पोर्टांची कुवत. खोक्यावर छापलेला आकडा ढोबळ असतो, एन्कोडिंगचा (सिग्नल पाठवताना लागणाऱ्या जादा बिटांचा) वाटा वजा करून उरतं ते असं: एचडीएमआय २.० वर १४.४, डिस्प्लेपोर्ट १.२ वर १७.३, डिस्प्लेपोर्ट १.४ वर २५.९, पूर्ण ४८ गिगाबिटांच्या एचडीएमआय २.१ वर सुमारे ४२. डिस्प्लेपोर्ट २.१ चे मात्र तीन वेग आहेत, त्यांना यूएचबीआर म्हणतात: यूएचबीआर १० वर ३८.७, १३.५ वर ५२.२ आणि २० वर ७७.४. नुसतं '२.१' वाचून काहीच कळत नाही, यूएचबीआरपुढचा आकडा विचारा.

दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या की बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. डिस्प्लेपोर्ट १.४ मध्ये ४के १२० आठ बिटांत जेमतेम, अगदी काठोकाठ मावतं. १४४ मावत नाही. २०१८ साली आलेल्या पहिल्या ४के १४४ मॉनिटरांना म्हणूनच १४४ गाठताना रंगाची माहिती निम्मी करावी लागे, म्हणजे ४:२:२. गेममध्ये ते फारसं जाणवत नसे, पण मजकुरात लगेच दिसे. काळ्यावर लाल देवनागरी वाचून बघा, अनुस्वार आणि रफार आधी विरघळतात.

यावर तोडगा निघाला तो डीएससी या कॉम्प्रेशनचा. सिग्नल साधारण तिपटीपर्यंत आवळला जातो आणि डोळ्याला फरक जाणवत नाही, निदान रोजच्या वापरात तरी नाही. डीएससीच्या नावाने घाबरण्याचं कारण नाही. ग्राफिक्स कार्ड ते देतं का, हाच खरा प्रश्न. एनव्हिडियात आरटीएक्स २० मालिकेपासून आणि एएमडीत आरएक्स ५००० पासून पुढे ते आहे. जीटीएक्स १० मालिका, आरएक्स ५८०, व्हेगा यांच्यात नाही. तिथे आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! अशा कार्डावर ४के १४४ चा मॉनिटर लावला तर १२० ला थांबा किंवा रंग कापून घ्या. जीटीएक्स १० वर आणखी एक खोच आहे: डिस्प्लेपोर्ट १.४ च्या मॉनिटरवर विंडोज सुरू होईपर्यंत पडदा काळाच राहत असेल तर एनव्हिडियाचं फर्मवेअर अपडेट टूल चालवावं लागतं.

आता तिन्ही पर्याय.

क्यूएचडी २४० ची मागणी सगळ्यात कमी आहे. आठ बिटांत ते डीएससीशिवायच डिस्प्लेपोर्ट १.४ मध्ये बसतं, म्हणजे जुन्या कार्डावरही चालतं. पिक्सेल ३६.९ लाख, त्यामुळे मध्यम कार्डही दमत नाही. पण इथे ओझं सीपीयूवर येतं. २४० फ्रेम म्हणजे प्रत्येक फ्रेमला ४.२ मिलिसेकंद. फ्रेम वाढत नसतील तर गेमचं रिझोल्यूशन उतरवून बघा. तरीही आकडा तोच राहिला तर अडसर सीपीयूचा किंवा रॅमचा आहे, कार्ड बदलून उपयोग नाही. बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) चालू केलेलं नसणं हे यामागचं नेहमीचं आणि फुकटात सुटणारं कारण. मजकुराच्या बाबतीत २७ इंचांवर इंचाला १०९ पिक्सेल मिळतात. कोड, एक्सेल, इंग्रजी वाचन ठीक. जोडाक्षरांनी भरलेला मराठी मजकूर दिवसभर वाचायचा असेल तर मात्र उणीव जाणवते.

४के १४४ ला पिक्सेल ८३ लाख, म्हणजे क्यूएचडीच्या सव्वादोन पट. २७ इंचांवर इंचाला १६३ पिक्सेल, ३२ वर १३८. अक्षरं छापल्यासारखी दिसतात. २७ इंचांवर विंडोजचं स्केलिंग १५० टक्के ठेवलं की जागा क्यूएचडीइतकीच राहते, कडा तेवढ्या धारदार होतात. ज्यांना ६० हर्ट्झची सवय आहे त्यांना खरी उडी इथे मिळते: १६.७ मिलिसेकंदांवरून ६.९ वर. १४४ वरून २४० ला गेलं की वाचतात फक्त २.८ च्या आसपास. जड गेम मूळ ४के मध्ये १४४ फ्रेम देतील ही अपेक्षा ठेवू नका. डीएलएसएस (कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करणारं एनव्हिडियाचं तंत्र) क्वालिटीवर गेम आतून २५६०×१४४० वरच रेंडर होतो, परफॉर्मन्सवर १९२०×१०८० वर. म्हणजे जे कार्ड क्यूएचडी नीट ओढतं ते थोडी किंमत मोजून ४के पडदाही चालवतं. नवीन घ्यायचं असेल तर व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) १६ जीबी बघा, ८ जीबीवर टेक्स्चर खाली उतरवावे लागतात.

४के २४० ओलेड हे चैनीचं प्रकरण आहे. हालचाल इतकी स्वच्छ इतरत्र दिसत नाही, हे मान्य. पण कॉम्प्रेशनशिवाय दहा बिटांत ते फक्त यूएचबीआर २० वर जातं, आणि घरगुती कार्डांत तो वेग आरटीएक्स ५० मालिकेत आहे. आरएक्स ७००० आणि ९००० १३.५ वर थांबतात, आरटीएक्स ४० तर डिस्प्लेपोर्ट १.४ वरच. डीएससीने तीही २४० देतात, फक्त काही बंधनांसह: आरटीएक्स ३० आणि ४० मध्ये असा एक मॉनिटर कार्डाचे दोन अंतर्गत डिस्प्ले हेड (पडद्यांना चित्र पुरवणारे भाग) खातो, त्यामुळे चार पडदे लावणाऱ्यांचा हिशेब चुकतो. पूर्ण स्क्रीन गेममधून ऑल्ट-टॅब केलं की पडदा क्षणभर काळा होणंही यातलंच. मजकुराभोवती रंगीत कड दिसते, कारण सबपिक्सेलची (पिक्सेलमधल्या लाल, हिरव्या, निळ्या ठिपक्यांची) मांडणी क्लिअरटाइपच्या, म्हणजे विंडोजच्या अक्षरं गुळगुळीत करणाऱ्या सोयीच्या, गृहीतकापेक्षा वेगळी असते. दिवसाचे आठ तास स्थिर टास्कबार आणि पांढरं वर्ड दाखवायचं असेल तर आमचा कौल याच्या विरुद्ध.

एकच मॉनिटर काम आणि खेळ दोन्हीला वापरणार असाल आणि कार्ड आरटीएक्स ३०, आरएक्स ६००० किंवा नंतरचं असेल, तर ४के १४४ घ्या. फक्त स्पर्धात्मक शूटर खेळत असाल किंवा कार्ड डीएससी देत नसेल, तर क्यूएचडी. लिनक्सवर एएमडी कार्ड असेल तर डिस्प्लेपोर्टच वापरा. ओपन ड्रायव्हरमध्ये एचडीएमआय २.१ आणायला एचडीएमआय फोरमने २०२४ मध्ये परवानगी नाकारली होती.

एचडीएमआयवरच जोडायचं असेल तर मॉनिटरच्या माहितीपत्रकात गिगाबिटांचा आकडा शोधा. '२.१' लिहूनही आत १८ गिगाबिटांचं जुनंच पोर्ट असू शकतं, आणि नियमांना ते चालतं. स्वस्त पॅसिव्ह अ‍ॅडाप्टरने डिस्प्लेपोर्टवरून एचडीएमआय काढलं तर ४के ला ३० हर्ट्झवर समाधान मानावं लागतं. जुने केव्हीएम स्विच (एकच पडदा आणि कीबोर्ड दोन पीसींत वाटणारे) ६० वर अडतात. यूएसबी-सी ने जोडून मॉनिटरचा यूएसबी ३ हब वापरला तर डिस्प्लेपोर्टच्या चारपैकी दोनच लेन (डेटाच्या वाटा) उरतात, त्याही १.४ च्या वेगाने ४के ६० पुरत्याच.

मॉनिटर आल्यावर तपासणी अशी. केबल ग्राफिक्स कार्डात जाऊ द्या, मदरबोर्डच्या पोर्टात नाही. ही चूक अनुभवी माणसंही करतात. मॉनिटरच्या मेनूत डिस्प्लेपोर्टची आवृत्ती १.२ वर असेल तर १.४ करा. मग विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टम, डिस्प्ले, अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले उघडून रिफ्रेश रेट निवडा, कारण विंडोज बऱ्याचदा ६० वरच बसलेलं असतं. विंडोज ११ मध्ये तिथेच बिट डेप्थ आणि कलर फॉरमॅट दिसतो. आरजीबीऐवजी वायसीबीसीआर ४:२:२ किंवा ४:२:० दिसलं तर बँडविड्थ कमी पडते आहे किंवा चुकीचा मोड निवडला आहे. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये ३८४०×२१६० दोनदा दिसतं. वरचं टीव्हीचं सोडून खाली 'पीसी' गटातलं घ्या. व्हीआरआर (गेमच्या फ्रेमप्रमाणे रिफ्रेश बदलणारी सोय) चालू करून फ्रेमची मर्यादा रिफ्रेशच्या तीन-चार खाली ठेवा.

पडदा मधूनच एखाद्या सेकंदासाठी काळा होत असेल तर आधी संशय केबलवर घ्या. १२० ला उतरवल्यावर तक्रार थांबली तर निदान जवळपास पक्कं. डिस्प्लेपोर्ट १.४ साठी दोन मीटरपर्यंतची साधी केबल, यूएचबीआर २० साठी डीपी८० शिक्क्याची आणि शक्यतो मीटरभरच, एचडीएमआयसाठी 'अल्ट्रा हाय स्पीड' लेबलवरचा क्यूआर कोड स्कॅन करून घेतलेली. पीसी बंद केल्यावरही आतले दिवे मंद जळत राहिले किंवा तो पहिल्या झटक्यात सुरू होईना, तर डिस्प्लेपोर्टच्या केबलमध्ये विसावी पिन जोडलेली असण्याची शक्यता आहे. मॉनिटरचे ३.३ व्होल्ट त्या वाटेने कार्डात शिरतात. नियमाप्रमाणे बनवलेल्या साध्या दोन टोकांच्या केबलमध्ये ती पिन मोकळी असते, तेव्हा ही केबल परत करा.