आठ महिने खेळल्यावर: बाँब टाकताना खरेपणा किती, खेळ किती (विमानांचे संगणकीय खेळ: डीसीएस, आयएल-२, वॉर थंडर)

वॉर थंडरच्या आर्केडमध्ये (सोप्या मोडमध्ये) बाँब कुठे पडेल त्याची खूण समोर दिसते, म्हणून सिम्युलेटरवाले नाकं मुरडतात. पण खोटेपणा त्या खुणेत नाही. डीसीएसमधलं हॉर्नेट (एफ/ए-१८ लढाऊ विमान) सीसीआयपी मोडमध्ये, म्हणजे बाँब आत्ता सोडला तर कुठे पडेल हे सतत मोजणाऱ्या मोडमध्ये, जवळपास हेच दाखवतं, कारण खऱ्या हॉर्नेटचा संगणकही तेच दाखवतो. आर्केडची खरी सूट वेगळीच: बाँब संपले की हवेतच पुन्हा भरले जातात, त्यामुळे नेम चुकल्याचं फारसं काही वाटत नाही.

हॉर्नेटमध्ये माणूस अडकतो तो नेमाच्या आधीच. मास्टर आर्म (शस्त्रांचा मुख्य स्विच), ए/जी (जमिनीवर माऱ्याचा मोड), स्टोअर्स (शस्त्रांच्या) पानावर एमके-८२ बाँब, इथवर सगळं जमतं. राहतो तो फ्यूज, म्हणजे बाँब फोडणारा भाग. एमफ्यूज (यांत्रिक) आणि ईफ्यूज (विद्युत) दोन्ही ऑफ असले तर बाँब बरोब्बर जागी जाऊन नुसता आपटतो. ऑटो मोडमध्ये योग्य क्षणी बाँब संगणक सोडतो; त्याची खोड अशी की बाँब सुटेपर्यंत बटण दाबून धरावं लागतं. टिचकी मारून सोडलं तर बाँब पंखाखालीच राहतो. हे बटणांचं पाठांतर आहे, पण खऱ्या वैमानिकालाही ते चुकत नाही.

कस लागतो डीसीएसच्याच एफ-५ई या जुन्या लढाऊ विमानात. इथे बाँबसाठी संगणक नाही, फक्त मिलमध्ये (कोनाचं माप; १००० मीटरवर सुमारे १ मीटर) खाली सरकवता येणारं नेमचक्र. ४५ अंशांचा सूर, ताशी ७२० किमी वेग, जमिनीपासून १००० मीटरवर बाँब सोडला (हवेचा अवरोध सोडून देऊ), तर तो ५.९ सेकंदांत ८३० मीटर पुढे पडतो. म्हणजे नेम उड्डाणमार्गाच्या ९२ मिल खाली हवा. सूर ४० अंशांचाच झाला आणि बाकी सगळं तसंच ठेवलं, तर बाँब ३० मीटर अलीकडे. त्यात अल्टिमीटर समुद्रसपाटीपासूनची उंची सांगतो. नेव्हाडाच्या नकाशात नेलिसचा तळच सुमारे ५७० मीटरवर आहे. वरच्या १००० मीटरमध्ये लक्ष्याची उंची मिळवली नाही तर सगळं गणित बोंबललं.

आयएल-२ मधलं हाइंकेल हे-१११ (दुसऱ्या महायुद्धातलं जर्मन बाँबर) उलट्या टोकाचं. नेमयंत्रात उंची, वेग, वारा भरायचा. ३००० मीटरवरून ताशी ३६० किमीने जाताना उंची १०० मीटर चुकली, तर बाँब ४० मीटर इकडेतिकडे. नेमयंत्रावर डोळा असताना विमान सरळ ठेवण्याचं काम खेळ स्वतःकडे घेतो. ही सवलत मला पूर्ण पटते: खऱ्या विमानात ५ जण असायचे, इथे आपण एकटे.

नेम कच्चा असेल तर लोक रिपल (ठरावीक अंतराने एकामागून एक बाँब सोडणं) लावून मोकळे होतात. एफ-५ई वर ०.१४ सेकंदांचं अंतर ठेवलं की दोन बाँबमध्ये २० मीटर पडतील असं वाटतं. ४५ अंशांच्या सुरात पडतात जेमतेम ६, कारण दुसरा बाँब सुटतो तोवर विमानही २० मीटर खाली आलेलं असतं. चार बाँबची रांग १७ मीटरची. वरची ३० मीटरची चूक तिच्यात झाकत नाही. सरळ उड्डाणात त्याच वेगाला हेच अंतर २८ मीटर होतं. रस्त्यावरच्या ताफ्यावर रिपल टाकायचं असेल तर सूर उथळच ठेवा.