लेनर्ड्स बेकरीचा मालासादा: होनोलुलूला गेल्यास चुकवू नये असा पदार्थ

होनोलुलूच्या कापाहुलू रस्त्यावरील लेनर्ड्स बेकरीत मालासादा मागणी आल्यावर तळला जातो, त्यामुळे गुलाबी खोका हाती येतो तेव्हा तो तळाशी चांगलाच गरम लागतो. अंडी व यीस्ट घातलेल्या मैद्याचा हा गोळा मध्ये भोक न पाडता तळून साखरेत घोळवतात. बाहेरून किंचित कुरकुरीत आणि आत इतका लुसलुशीत की, पहिल्याच घासाला मला आपल्याकडच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांतले ‘फुगे’ म्हणजे पिठाचे तळलेले गोळे आठवले. पोर्तुगिजांशी आलेला संबंध दोन्हीकडे कढईपर्यंत पोहोचला आहे.

बेकरीचे संस्थापक लेनर्ड रेगो यांचे आजी-आजोबा १८८२ मध्ये पोर्तुगालच्या अझोर्स द्वीपसमूहातील साओ मिगेल बेटावरून उसाच्या मळ्यांत करारावर राबण्यासाठी हवाईतील माउई बेटावर आले होते. रेगो यांनी १९५२ मध्ये हे दुकान उघडले आणि त्यानंतर लवकरच त्यांच्या आईने ईस्टरपूर्वीच्या ख्रिस्ती उपवासकाळाच्या आदल्या मंगळवारी मालासादा करण्याचे सुचवले. उपवासापूर्वी घरातली चरबी आणि साखर संपवण्याची ही जुनी रीत. पण हा पदार्थ फारच पोर्तुगीज वाटेल, अशी शंका तिथल्या कारागिरांना होती. आज हवाईत त्या दिवसाला ‘मालासादा डे’च म्हणतात, ही त्या माउलीच्या आग्रहाची केवढी मोठी पावती आहे!

नारळाच्या दुधाच्या ‘हौपिया’चे सारण भरलेला मालासादा अवश्य घ्यावा, कारण अझोर्सची कणीक आणि हवाईचा नारळ त्यात एकजीव झाले आहेत. सुकवलेल्या आंबट-खारट प्लमची चिनी ‘ली हिंग’ भुकटी लावलेला प्रकारही मिळतो, परंतु माझी पसंती साध्या साखरेच्या मालासादालाच आहे. इथल्या ‘पाव दोसे’ या गोड पावाचे नाव ऐकून मराठी माणसाला परकेपणा वाटणार नाही, कारण आपला ‘पाव’ही त्याच पोर्तुगीज भाषेतून आला.

मदेइरा या पोर्तुगीज बेटावरून १८७९ मध्ये ‘रेव्हन्सक्रॅग’ जहाजाने आलेल्या सुतारकाम जाणणाऱ्या कारागिरांनी आपल्या छोट्या माशेत या तंतुवाद्यावरून हवाईचे ‘उकुलेले’ हे गिटारसारखे छोटे वाद्य घडवले, हे बऱ्याच प्रवाशांना ठाऊक असते. मळ्यावरच्या माणसांचे घरगुती खाणे मात्र अशा दुकानांत चाखल्याशिवाय कळत नाही.

मालासादा हॉटेलवर नेऊन सायंकाळसाठी ठेवू नये. थंड झाल्यावर तो चिवट होतो, म्हणून दुकानाबाहेरच, बोटांना साखर लागलेली असताना संपवावा.